टच ऑफ ईव्हिल : घरगुती व्हिडिओवरील रसग्रहण

‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) हा ऑर्सन वेल्स दिग्दर्शित अमेरिकी गुन्हेपट फिल्म न्वार या प्रवाहातील अखेरच्या मोठ्या चित्रपटांपैकी एक मानला जातो. हा चित्रपट आज तीन वेगवेगळ्या रूपांत उपलब्ध असून ती तिन्ही एकाच ठिकाणी ठेवून ताडून पाहण्याची सोय प्रथम डीव्हीडीने आणि नंतर ब्लू-रेने करून दिली. एरवी घरचा पडदा चित्रपटगृहाची उणीव कशीबशी भरून काढतो. या चित्रपटाच्या बाबतीत मात्र आपण कोणते रूप पाहत आहोत, ते कोणाच्या हातून जुळवले गेले आणि चौकट कोणत्या मापाची आहे, हे प्रश्न रसग्रहणाचाच भाग होऊन बसतात आणि त्यांची उत्तरे शोधायला घरच्या पडद्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

‘फिल्म न्वार’ म्हणजे शब्दशः ‘काळा चित्रपट’. दुसऱ्या महायुद्धानंतर एकदम फ्रान्समध्ये पोहोचलेल्या अमेरिकी गुन्हेपटांना हे नाव १९४६ मध्ये नीनो फ्रांक या समीक्षकाने वापरले आणि पुढे ते रूढ झाले. हॉलिवूडमधील या प्रवाहाचा काळ साधारणपणे १९४० च्या दशकाच्या आरंभापासून १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत धरला जातो आणि त्याची शेवटची खूण म्हणून ‘टच ऑफ ईव्हिल’चे नाव घेण्याची प्रथा आहे. खोल सावल्या, रात्रीचे ओले रस्ते, खिडकीतून आत येणारा उघडझाप करणारा निऑनचा उजेड, आणि कायद्याच्या कोणत्या बाजूला आहेत हे सांगता येणार नाही अशी माणसे ही या प्रवाहाची ओळख. वेल्सने यांतले काहीच टाळले नाही. उलट प्रत्येक गोष्ट इतकी ताणली की चित्रपट कित्येकदा दुःस्वप्नाच्या आणि विडंबनाच्या सीमेवर जाऊन उभा राहतो.

कथेचे स्थळ अमेरिका व मेक्सिको यांच्या सीमेवरचे लॉस रोब्लेस हे काल्पनिक गाव. एका मोटारीच्या डिकीत कोणीतरी बॉम्ब ठेवतो, मोटार सीमा ओलांडून अमेरिकेत शिरते आणि तिचा स्फोट होतो. नवपरिणित पत्नी सुसान (जॅनेट ली) हिच्यासह तेथून जाणारा मेक्सिकन अधिकारी मिगेल व्हार्गास (चार्ल्टन हेस्टन) तपासात ओढला जातो आणि त्याची गाठ पडते ती हँक क्विन्लन या पोलीस कॅप्टनशी. अवाढव्य देहाचा, काठी टेकत चालणारा हा क्विन्लन वेल्सने स्वतः रंगवला आहे. गुन्हेगार कोण हे त्याला आतून कळते, अशी त्याची ख्याती. पण ते सिद्ध करण्यासाठी तो पुरावे स्वतःच पेरतो, हे व्हार्गासच्या लक्षात येते. क्विन्लनवर भक्ताप्रमाणे निष्ठा असलेला सहकारी मेंझीस (जोसेफ कॅलिया), सीमेवरच्या टोळीचा म्होरक्या ‘अंकल’ जो ग्रांडी (अकीम टॅमिरॉफ) आणि गावाच्या कडेला पियानोला (आपोआप वाजणारा पियानो) वाजत असलेल्या घरात राहणारी तान्या (मार्लीन डीट्रिच) ही कथेतील इतर महत्त्वाची पात्रे. व्हिट मास्टरसन या जोडनावाने लिहिणाऱ्या दोन लेखकांच्या ‘बॅज ऑफ ईव्हिल’ या कादंबरीवरून ही कथा घेतली असली, तरी वेल्सने तिच्यात मोठे फेरफार केले. सीमावर्ती गाव म्हणून कॅमेऱ्यासमोर आले ते लॉस एंजेलिसमधील व्हेनिस : इटलीतील मूळ व्हेनिसची नक्कल म्हणून १९०५ मध्ये उभारलेले, आणि चित्रीकरणाच्या वेळेपर्यंत कमानींचा रंग उडालेले, तेलाच्या मनोऱ्यांनी वेढलेले गाव. नकलेचीही रया गेल्यावर जे उरते ते या चित्रपटाला हवे होते.

चित्रीकरण फेब्रुवारी १९५७ मध्ये सुरू होऊन एप्रिलच्या आरंभी संपले. नंतर संकलन चालू असताना वेल्स आणि युनिव्हर्सल-इंटरनॅशनल ही निर्मितिसंस्था यांचे बिनसले. त्याच्या अनुपस्थितीत संस्थेने संकलन बदलले आणि कथा प्रेक्षकांना समजायला सोपी व्हावी म्हणून हॅरी केलर या दुसऱ्या दिग्दर्शकाकडून नोव्हेंबरमध्ये काही नवी दृश्ये चित्रित करून घेतली. हे जुळवलेले रूप वेल्सला दाखवण्यात आले, तेव्हा त्याने ५ डिसेंबर १९५७ या तारखेचे ५८ पानी टिपण संस्थाप्रमुख एडवर्ड म्यूल याला लिहिले. थयथयाट करण्याऐवजी त्याने एकेका दृश्याबद्दल, एकेका आवाजाबद्दल, कधी एकाच निकटदृश्याबद्दल अत्यंत संयमाने सूचना केल्या. आपले सर्व म्हणणे मान्य होणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसाची ती भाषा आहे. त्यांतल्या थोड्याच सूचना अमलात आल्या. १९५८ मध्ये सुमारे ९५ मिनिटांचा चित्रपट अमेरिकेत दोन चित्रपटांच्या जोडखेळातला दुय्यम चित्रपट म्हणून प्रदर्शित झाला. त्या जोडीतल्या मुख्य चित्रपटाचा दिग्दर्शक पुन्हा हॅरी केलरच होता.

दुसरे रूप १९७० च्या दशकाच्या मध्यास युनिव्हर्सलच्या संग्रहात सापडले. ते सुमारे १०८ मिनिटांचे होते आणि प्रदर्शनापूर्वी प्रेक्षकांचा अंदाज घेण्यासाठी तयार केलेले होते. जास्त लांब म्हणजे दिग्दर्शकाच्या मनाजवळचे, या सोप्या समजुतीने त्याची ‘मूळ चित्रपट’ म्हणून वाहवा झाली. वस्तुतः त्यात वेल्सने चित्रित केलेली जास्तीची दृश्ये आहेत तशीच केलरचीही जास्तीची दृश्ये आहेत; म्हणजे चित्रपट लांबला तेव्हा परका हातही लांबला. डिस्कच्या वेष्टनावर ‘पूर्ण’, ‘अखंड’, ‘दिग्दर्शकाची’ असे शब्द दिसले की रसिकाने थोडे थांबून विचार करावा, हे या उदाहरणाने चांगलेच शिकवले.

तिसरे रूप १९९८ चे. वेल्सच्या टिपणातील मोठा भाग समीक्षक जोनाथन रोझेनबाम याने १९९२ मध्ये प्रसिद्ध केला होता. निर्माता रिक श्मिडलिन याने युनिव्हर्सलचे मन वळवले आणि संकलक व ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्च याने टिपणातील सूचनांनुसार चित्रपट नव्याने जुळवला. रोझेनबाम सल्लागार होता. हे रूप सुमारे १११ मिनिटांचे आहे. वेल्सचे निधन १९८५ मध्येच झालेले असल्याने याला ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ म्हणता येत नाही. वेल्सने पूर्वी स्वतः जुळवलेले आणि नंतर हरवलेले असे काही मर्चला सापडले नव्हते. संस्थेने बनवलेल्या रूपात कोणत्या दुरुस्त्या व्हाव्यात, एवढेच टिपणात होते आणि तेवढेच चाळीस वर्षांनंतर अमलात आले. म्हणून ‘पुनर्रचना’ हाच त्याला नेमका शब्द.

तिन्ही रूपांतला फरक सर्वांत स्पष्टपणे जाणवतो तो प्रसिद्ध आरंभदृश्यात. छायालेखक रसेल मेटी याने क्रेनवरून घेतलेले, तीन मिनिटांहून अधिक काळ न तुटता चालणारे हे दृश्य बॉम्बच्या घड्याळाला चावी देणाऱ्या हातापासून सुरू होते, घरांच्या छपरांवरून मोटारीमागे जाते, मध्येच मोटार सोडून चालत निघालेल्या व्हार्गास दांपत्याला धरते, पुन्हा मोटारीला गाठते आणि सीमेवरच्या नाक्याशी दोघांना एकत्र आणते. १९५८ च्या रूपात या दृश्यावर श्रेयनामावली उमटत राहते आणि हेन्री मॅन्सिनीचे बाँगो व पितळी वाद्यांचे संगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजते. वेल्सला हे नको होते. रस्त्यावरच्या एकेका क्लबच्या दारातून वेगवेगळे संगीत बाहेर पडावे, मोटारीच्या रेडिओचा सूर त्यात मिसळावा, आणि नावे अखेरीस यावीत, असे त्याने टिपणात सुचवले होते. श्रेयनामावलीची अक्षरे नसलेली निगेटिव्ह आणि संगीत, संवाद व इतर आवाज वेगवेगळे नोंदलेल्या पट्ट्या उपलब्ध झाल्यामुळे मर्चला ते करता आले. मॅन्सिनीचे संगीत काढल्यावर त्याच्याखाली पावलांचे, वाहनांचे, शेळ्यांचे आवाज आधीपासूनच भरलेले आढळले.

परिणाम विलक्षण आहे. १९५८ च्या रूपात तणाव संगीतात असतो, त्यामुळे मोटार चौकटीबाहेर गेली की ती क्षणभर विसरली जाते. १९९८ च्या रूपात मात्र ती दिसत नसतानाही तिचा रेडिओ जवळ येतो, लांब जातो, पुन्हा जवळ येतो, आणि आवाज जवळ आला की आपला जीव खालीवर होतो. मोटारीतली नर्तकी डोक्यात टिकटिक ऐकू येत असल्याची तक्रार नाक्यावर करते, तेव्हा तिचे बोलणे आता संगीताशी झुंजत नाही. तरीही मॅन्सिनीची ती रचना स्वतःच इतकी झपाटणारी आहे की ती कायमची गमावावी असे कोणाही रसिकाला वाटणार नाही. सुदैवाने तसा प्रसंग येत नाही : एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जायला मिनिटभर पुरते. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रथम १९९८ चे रूप संपूर्ण पाहावे आणि लगेच १९५८ च्या रूपाची पहिली चार मिनिटे पाहावीत. पार्श्वसंगीत प्रेक्षकाच्या मनावर नेमके काय करते, हे इतक्या थोड्या वेळात शिकवणारा दुसरा पाठ क्वचितच सापडेल.

ध्वनीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रस्त्यावरचे संगीत ध्वनिमुद्रणकक्षातल्यासारखे स्वच्छ न ठेवता स्वस्तातल्या कर्ण्यातून गल्लीत वाजवून पुन्हा मुद्रित करावे, अशी वेल्सची सूचना होती. गंमत म्हणजे मर्चनेही स्वतःच्या कामासाठी असेच तंत्र स्वतंत्रपणे विकसित केले होते. म्हणून घरी पाहताना काही जागी आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला, तर तो दोष समजून ध्वनिक्षेपकांची मांडणी बदलत बसू नये.

टिपणातील इतर सूचनांनी झालेले बदल डोळ्यांत भरत नाहीत, पण ते खोल आहेत. आरंभीच्या स्फोटानंतर सुसान आणि व्हार्गास यांची ताटातूट होते. पूर्वी त्यांचे प्रसंग एकामागून एक सलग येत. १९९८ च्या रूपात एकाचा तुकडा, मग दुसऱ्याचा, असे ते विणले गेले असल्यामुळे नवरा तपासात रमला आहे आणि बायको संकटाकडे चालली आहे, ही जाणीव सतत जागी राहते. मेंझीसचे एक निकटदृश्य वगळल्याने त्याच्या पुढच्या वागण्याचा अर्थच पालटतो : आधी तो खचून व्हार्गासला सामील झाल्यासारखा वाटे, आता सत्य पटल्यामुळे तो तसे करतो. एखाद्या चेहऱ्याच्या दोन-चार सेकंदांवर एका पात्राची नैतिक उंची अवलंबून असू शकते, हे या काटछाटीवरून दिसते.

चौकटीचे माप हा वादाचा विषय आहे. चित्रण पूर्ण १.३७ : १ (रुंदी : उंची) या जुन्या, चौरसाकडे झुकणाऱ्या मापात झाले, परंतु त्या काळी अमेरिकी चित्रपटगृहांत युनिव्हर्सलचे चित्रपट प्रक्षेपकात वरखाली पट्ट्या लावून १.८५ : १ या रुंद मापात दाखवले जात. दूरदर्शन संचावर आणि व्हिडिओ कॅसेटवर पूर्ण चौकट दिसत असे, तर १९९८ चे रूप रुंद मापात आले. २०११ मध्ये ब्रिटनमधील युरेका या प्रकाशनसंस्थेने ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’ मालिकेत काढलेल्या ब्लू-रे संचाने हा वाद प्रेक्षकावर सोपवला : १९५८ चे व १९९८ चे रूप दोन्ही मापांत, आणि दुसरे रूप रुंद मापात, अशा पाच प्रती त्यात आहेत. रुंद मापात वेल्सची खालून वर पाहणारी, डोक्यावर छत दाबून आणणारी दृश्ये अधिक आवळली जातात आणि चेहरे अंगावर येतात. पूर्ण मापात हवा अधिक राहते, व्हेनिसच्या कमानी पुऱ्या दिसतात, पण दडपण थोडे सैलावते. रुंद माप ऐतिहासिक वस्तुस्थितीला धरून आहे आणि चित्रपटाच्या स्वभावालाही मानवते, असे वाटते; मात्र दुसऱ्या मापाचा आग्रह धरणारे जाणकार कमी नाहीत.

घरगुती माध्यमांचा इतिहास या चित्रपटापुरता थोडक्यात असा : कॅसेटच्या जमान्यात १९५८ चे वा १०८ मिनिटांचे रूप मिळे, २००० मध्ये युनिव्हर्सलने १९९८ चे रूप टिपणासह डीव्हीडीवर आणले, २००८ मध्ये पन्नासाव्या वर्षानिमित्त तिन्ही रूपे एकत्र आली, पुढे २०११ चा उपरोक्त ब्रिटिश ब्लू-रे संच, आणि २०२२ मध्ये किनो लॉर्बर या अमेरिकी संस्थेचा फोर-के (ब्लू-रेहून अधिक स्पष्ट चित्राच्या डिस्कचा) संच. २००८ च्या संचात श्मिडलिनबरोबर हेस्टन आणि जॅनेट ली यांनी चित्रपट पाहता पाहता केलेले भाष्य ऐकायला मिळते. तो संच बाजारात आला तेव्हा दोघेही हयात नव्हते.

महाराष्ट्रातील वा भारतात कोठेही राहणाऱ्या संग्राहकाला येथे एक व्यावहारिक अडचण येते. डिस्क ठरावीक प्रदेशातल्या यंत्रांवरच चालावी म्हणून जगाचे विभाग पाडलेले असतात. डीव्हीडीच्या विभागणीत भारत पाचव्या विभागात, तर ब्लू-रेच्या विभागणीत ‘सी’ विभागात येतो. ब्रिटिश ब्लू-रे ‘बी’ विभागाचा असल्याने येथील साध्या यंत्रावर तो लागत नाही आणि सर्व विभाग वाचणारे यंत्र घ्यावे लागते. फोर-के डिस्कला अशी विभागबंदी नसते. ‘पाल’ या जुन्या दूरचित्रवाणी-पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींच्या गतीने धावतो, त्यामुळे १११ मिनिटांचा चित्रपट १०७ मिनिटांच्या आत संपतो. काही दृश्ये गळली आहेत असा समज करून घेण्याचे कारण नाही. मात्र सर्वांचे आवाज किंचित चढे लागतात, आणि क्विन्लनच्या घोगऱ्या, खर्जातल्या बोलण्याचे त्यात नुकसान होते.

कृष्णधवल न्वार चित्रपटाचा प्राण काळ्या रंगात असतो. कॅसेटवर काळे कधी पुरते काळे होत नसे. ते राखाडी, थरथरते असे. निकृष्ट डिजिटल प्रतीत उलटा दोष येतो : सावल्यांतले सगळे तपशील एकाच डांबरी डागात बुडतात किंवा चौकोनी ठिपक्यांत फुटतात. या चित्रपटाची प्रत कशी आहे हे पारखायचे असेल, तर हॉटेलच्या खोलीत क्विन्लन ग्रांडीचा गळा आवळतो तो प्रसंग पाहावा. बाहेरच्या पाटीचा उजेड सारखा उघडझाप करतो. चांगल्या प्रतीत प्रत्येक उजेडाबरोबर घामेजलेला चेहरा, पलंगाची कड आणि बेशुद्ध सुसान वेगवेगळे दिसतात, वाईट प्रतीत नुसता लखलखाट उरतो. त्याआधी समोरच्या खिडकीतून कोणीतरी सुसानवर विजेरीचा झोत टाकतो आणि ती खोलीतला दिवाच काढून भिरकावते, तो प्रसंगही असाच कसोटीचा. पडद्यावर दिसणारे फिल्मचे कण हे चित्राचेच अंग आहेत; ते पुसून चेहरे मेणासारखे गुळगुळीत करणाऱ्या प्रती टाळाव्यात. टीव्हीमधील हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, आणि पाहणे शक्यतो रात्री, खोलीतले दिवे मालवून व्हावे.

स्पष्टतेला एक किंमतही आहे. चांगल्या ब्लू-रेवर हेस्टनला मेक्सिकन दाखवण्यासाठी लावलेला तपकिरी रंग लपत नाही. तो त्या काळीही खटकण्यासारखा होता, आज तर फारच खटकतो, आणि वंशद्वेषावर बोलणाऱ्या चित्रपटाच्या केंद्रस्थानीच ही विसंगती बसलेली आहे, हे रसग्रहणात झाकून ठेवता येत नाही. भाषेचेही तसेच. संशयित सांचेझशी व्हार्गास स्पॅनिशमध्ये बोलू लागतो तेव्हा क्विन्लन चिडतो, कारण त्याला ती समजत नाही. ती न जाणणारा प्रेक्षक त्या क्षणी नकळत क्विन्लनच्या बाजूला उभा असतो. अशा जागी उपशीर्षके बंद ठेवलेली बरी. शिवाय वेल्सची पात्रे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि उपशीर्षके ती कालवाकालव सरळ रांगेत बसवून तिचा जीव घालवतात. इंग्रजी कानावर न बसलेल्या मराठी प्रेक्षकाने पहिल्या वेळी उपशीर्षकांसह आणि दुसऱ्या वेळी त्यांच्याशिवाय पाहावे, हा मधला मार्ग.

मागे जाऊन पुन्हा पाहण्याची मुभा हे घरगुती व्हिडिओचे खरे बलस्थान, आणि या चित्रपटाला ते विशेष साजते. सांचेझच्या घरातली झडती फार लांब, क्वचित तुटणाऱ्या दृश्यांत घेतली आहे. माणसे खोलीतून खोलीत ये-जा करतात आणि कॅमेरा त्यांच्यामागे भिंतीला घासत फिरतो. या गर्दीत व्हार्गासच्या हातून न्हाणीघरातले बुटांचे खोके पडते. ते रिकामे असते. थोड्या वेळाने त्याच खोक्यात डायनामाइटच्या कांड्या ‘सापडतात’. चित्रपटगृहातला प्रेक्षक व्हार्गासच्या शब्दावर विसंबून राहतो. घरी बसलेला प्रेक्षक रिमोट उचलतो, दृश्य मागे नेतो, खोके रिकामे होते याची स्वतः खात्री करून घेतो, आणि साक्षीदाराच्या जागेवरून तपासनिसाच्या जागेवर येतो. नंतर कळते की सांचेझने गुन्हा कबूल केला आहे. म्हणजे पुरावा खोटा होता, पण क्विन्लनचा कौल खरा होता. ही गाठ कितीही वेळा मागे नेऊन पाहिली तरी सुटत नाही.

अखेरचा प्रसंग तर ध्वनिमुद्रणाभोवतीच रचलेला आहे. क्विन्लनला बोलता करणाऱ्या मेंझीसच्या अंगावर लपवलेले ध्वनिग्राहक यंत्र, पुलाखाली घाणेरड्या पाण्यातून त्या दोघांच्या मागोमाग जाणारा व्हार्गास, त्याच्या हातातल्या यंत्रातून उमटणारा क्विन्लनचा स्वतःचाच आवाज, आणि त्या प्रतिध्वनीने त्याला आलेला संशय, अशा क्रमाने तो पुढे सरकतो. गोळ्या झाडून झाल्यावर फीत मागे घेऊन पुन्हा वाजवली जाते, आणि कचऱ्याने भरलेल्या त्या काठावर मरणाच्या दारात उभा असलेला क्विन्लन आपलेच शब्द ऐकतो.